लेकीचा पहिला नाताळ: विहीणबाई आणि मंडळींना काय न्यावं?

मंगळवारपेठकरीण
७ डिसेंबर २०२५, रात्री ९:४०

मंडळी, जरा मदत हवी आहे.

मोठ्या लेकीचं लग्न मे महिन्यात झालं. जावई मराठी ख्रिश्चन, कोल्हापूरचेच. दोन्ही घरांनी आधी थोडी कुरकुर केली, मग दोन्ही घरांनीच हौसेनं लग्न लावलं. तो विषय झाला, इथं नको.

पाडव्याला दिवाळसण केला. जावई, व्याही, विहीणबाई सगळे आले. येताना विहीणबाईंनी मला चक्क नारायणपेठ साडी आणली, आणि तीही मी दोन वर्षं मनात धरून बसलेल्या वांगी रंगाची. लेकीनं फितुरी केली असणार! आता २५ तारखेला त्यांच्याकडं जेवायला बोलावलंय. म्हणजे आता आमची पाळी, आणि मला रात्री झोप नाही.

माणसं अशी: विहीणबाई ६१ वर्षांच्या, मिरजेच्या मिशन हॉस्पिटलातून नर्स म्हणून निवृत्त. व्याही ६६, चर्चमध्ये पेटी वाजवतात, बोलतात कमी. लेकीची नणंद कॉलेजात. आजेसासूबाई ८५ च्या आसपास, पण सगळ्यांची खबर ठेवून असतात. शिवाय लेक-जावई. बजेट मी धरलंय बारा हजार, ह्यांनी धरलंय दहा.

मनात असं आहे की विहीणबाईंना पैठणी, व्याह्यांना शर्टपीस आणि कोल्हापुरी चप्पल, नणंदेला काहीतरी दागिना. पण शंका बऱ्याच आहेत. नाताळला लाल-हिरवंच द्यायचं असतं का? काळा रंग चालतो का? पांढरी साडी देऊ का नको? आणि साडी दिली तर ओटी भरायची की नुसती हातात द्यायची? लेकीला विचारलं तर म्हणते, "आई, काहीही आण गं, चालतंय." ह्या "चालतंय"वर माझा अजिबात विश्वास नाही.

---

रंकाळ्यावरचा_वारा
७ डिसेंबर, रात्री १०:०५

काकू, लई लोड घेऊ नका. व्याह्यांना चप्पल म्हणजे इषयच नाही. जूनमध्ये तिकडं मिलानला प्राडानं आपलीच चप्पल रॅम्पवर चालवली, आधी आपलं नाव पण घेतलं नाही, बोंबाबोंब झाल्यावर कबूल केलं. आता तर कोल्हापुरी म्हणजे इंटरनॅशनल गिफ्ट. पापाच्या तिकटीला जायचं, बघायची, उचलायची. नाद खुळा.

---

शिवाजीपेठ_काकू
७ डिसेंबर, रात्री १०:३१

चप्पल भेट देऊ नये बाई. नात्यात अंतर पडतं म्हणतात. द्यायचीच असेल तर त्यांच्याकडून एक रुपया घ्या, म्हणजे विकत दिल्यासारखं होतं. रुमालाचंही तसंच.

आणि खरेदी लवकर उरका. २० ला अमावस्या आहे, पुढं पौष लागतो. पौषात नवीन नको.

साडी घेतलीत की आधी अंबाबाईच्या पायाला लावून आणा आणि मग द्या. आमच्या घरी कुणाच्याही लग्नाची, सणाची साडी अशीच देतात.

---

नाताळची_करंजी
८ डिसेंबर, सकाळी ७:१५

मी कोल्हापूरची मराठी ख्रिस्ती, सध्या पुण्यात. तुमचा धागा चहा पिताना वाचला आणि चहा गार झाला, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे लाल-हिरवं डोक्यातून काढा. तो दुकानांचा नाताळ. आमच्या घरी नाताळ म्हणजे आठ दिवस आधीपासून करंज्या, चकल्या, चिवडा, दारावर चांदणी, आणि २५ ला सकाळी नवीन कपड्यांत उपासना. तुमच्या दिवाळीच्या पहिल्या आंघोळीनंतर जसे नवे कपडे, तसेच. माझ्या आजीनं आयुष्यभर नऊवारी नेसली, चर्चलाही आणि शेतातही. ना. वा. टिळकांची पदं आम्ही पेटी-तबल्यावर म्हणतो. तुमचे व्याही पेटी वाजवतात म्हणजे तीच वाजवत असणार.

त्यामुळं विहीणबाईंना तुमच्या बहिणीला घ्याल तशी साडी घ्या. सांताची टोपी मात्र मोठ्या माणसांना कृपा करून नको. दरवर्षी ऑफिसात कुणीतरी ती माझ्या डोक्यावर घालतंच.

काळा रंग चालतो. फक्त बऱ्याच जुन्या बायका गुड फ्रायडेला मुद्दाम काळं किंवा पांढरं नेसतात, म्हणून आजेसासूबाईंना काळं नको. पांढऱ्याचं आम्हाला वावडं नाही, आमच्यात नवरीच पांढरी साडी नेसते. तरी विहीणबाई आयुष्यभर पांढरा युनिफॉर्म घालून निवृत्त झाल्यात. त्यांना परत पांढरं? माझी आईही नर्स होती, निवृत्तीनंतर तिनं पांढरा रुमालसुद्धा घेतला नाही.

ओटीचं म्हणाल तर घरोघरी वेगळं असतं. काही घरांत बायका कुंकू लावतात, काहींत नाही. तुम्ही लेकीला "चालतंय का" असं विचारूच नका. "त्या स्वतः कुणाला साडी देतात तेव्हा कशी देतात" हे विचारा. उत्तर लगेच मिळेल.

शिवाजीपेठ काकू, एक गोष्ट मनापासून सांगते, राग मानू नका. देवीच्या पायाला लावलेली साडी तुमच्या दृष्टीनं सगळ्यात मोठा मान, हे मला कळतं. माझी शेजारीण अशीच द्यायची आणि आई प्रेमानं घ्यायची. पण जुन्या वळणाच्या विश्वासी बाईला ती नेसताना अवघड होतं, आणि परत देताना त्याहून अवघड. पहिल्याच सणाला विहीणबाईंना त्या पेचात कशाला टाकायचं?

---

शिवाजीपेठ_काकू
८ डिसेंबर, सकाळी ८:०२

राग कसला गं. हे मला माहीतच नव्हतं. बरं झालं सांगितलंस. करंज्या ओल्या नारळाच्या का सुक्या खोबऱ्याच्या?

---

नाताळची_करंजी
८ डिसेंबर, सकाळी ८:१०

सुक्या. टिकायला पाहिजेत ना ३१ पर्यंत. 😄

---

कात्री_आणि_पन्हा
८ डिसेंबर, दुपारी १:२०

कापडाच्या दुकानात पस्तीस वर्षं काढली, आता घरी बसून नातवाला सांभाळतो. काही गोष्टी रोखठोक सांगतो.

शर्टपीस रद्द करा. आज ८ तारीख. लग्नसराई सुरू आहे, चांगला शिंपी आता नवीन कापडाला हात लावणार नाही. तुम्ही २५ ला कापड दिलं तर ते कपाटात जाईल आणि पुढच्या नाताळला दुसऱ्या कुणाला तरी मिळेल. माझ्या कपाटात असे नऊ पीस आहेत, त्यातला एक मीच कुणाला दिला होता, फिरून परत आला.

तरीही घ्यायचाच असेल तर पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी बघा. ३६ इंची पन्ह्याला पूर्ण बाहीच्या शर्टाला सव्वादोन ते अडीच मीटर लागतं, ५८ ला एक मीटर साठ पुरतं. माणूस अंगानं दांडगा असेल तर वीस सेंटीमीटर जास्त. तयार शर्ट घेणार असाल तर जावयाला सांगून व्याह्यांच्या जुन्या शर्टाच्या कॉलरमागचा नंबर बघून घ्या. अंदाजानं घेऊ नका, पोटाचा अंदाज नेहमी चुकतो आणि दोन्हीकडून लाज वाटते.

साडीला फॉल-पिको करूनच द्या. दुकानदार म्हणेल "नंतर करून घ्या", ऐकू नका. फॉल लावलेली साडी बाई त्याच दिवशी नेसू शकते. ब्लाउज शिवायला वेळ नाही, म्हणून साडीचा रंग असा घ्या की त्यांच्याकडचा एखादा ब्लाउज चालून जाईल. लेकीला कपाटाचा एक फोटो काढायला लावा.

पैठणीबद्दल. बारा हजारांत पाच-सहा माणसं आणि पैठणी, हे गणित जमत नाही. दोन-तीन हजारांत "पैठणी" म्हणून मिळते ती यंत्रमागाची. पदर उलटा करून बघा. हातमागाच्या पैठणीचा मोर मागूनही पुढच्यासारखाच दिसतो, यंत्राच्या मागं धाग्यांचं जंजाळ असतं. यंत्रमागाची नेसायला वाईट नाही, पण पैठणी म्हणून द्यायची आणि विहीणबाईंनी पदर उलटा करून बघायचा, हे नको.

आणि एक. २२ सप्टेंबरपासून शिवलेल्या कपड्यांना आणि पादत्राणांना अडीच हजारांपर्यंत जीएसटी ५ टक्के, त्याच्या वर १८. स्वेटर, शर्ट घेताना २,४०० आणि २,६०० मधला फरक दोनशेचा नसतो. काउंटरवर पोचायच्या आधी हिशोब करा.

---

मंगळवारपेठकरीण
८ डिसेंबर, दुपारी ३:४५

बापरे. ह्यांना पन्ह्याचं वाचून दाखवलं, म्हणाले "हा माणूस आपल्याला आधी का भेटला नाही". आमच्याकडंही फिरता शर्टपीस आहे.

मग विहीणबाईंना पैठणी नाही तर काय?

---

इरकलवाली
८ डिसेंबर, दुपारी ४:३०

इरकल! ह्यात विचार कसला करायचा?

आपल्या भागात आजीच्या अंगावर जी साडी बघून आपण मोठे झालो ती हीच. बागलकोट जिल्ह्यातल्या इलकल गावची. अंग सुती किंवा मिश्र, पदर रेशमी आणि लाल-पांढरा. तो पदर वेगळ्या ताण्याचा असतो आणि विणतानाच अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडतात. पदराशी बोट फिरवलं की जोड हाताला लागतो. बजेट बघून सुती घ्या, तीसुद्धा अंगावर छान बसते.

जरा जास्त देणार असाल तर त्यावर कसुती केलेली बघा. धारवाडकडचं भरतकाम. मागच्या बाजूला गाठ दिसत नाही, नक्षी दोन्हीकडून सारखी. पण नीट बघून घ्या: कसुतीत गोपूर, रथ, तुळशीवृंदावन हे नमुने असतात. करंजी ताईंनी वर जे सांगितलं ते धरलं तर कमळ, पक्षी, हत्ती असलेली निवडा. त्यातही सुंदर असतात.

निवृत्त नर्स आहेत म्हणजे जरीचा झगझगाट बहुतेक आवडणार नाही. आयुष्यभर पाच मिनिटांत साडी नेसून ड्युटीला पळालेल्या बाईला हलकी, चापून बसणारी साडी द्यावी.

---

गुजरीचा_काटा
८ डिसेंबर, रात्री ९:१२

दागिन्याबद्दल माझ्याकडून. सोनं यंदा लाखाच्या पुढं गेलंय, ते विसरा. चांदीही काही स्वस्त राहिली नाही, पण नणंदेला हलकं काहीतरी बसेल.

कोल्हापुरी साज नको. हौसेनं लोक चांदीवर सोन्याचं पाणी दिलेला साज घेतात, दिसतो झकास. पण पारंपरिक साजाच्या २१ पानांत १० दशावताराची आणि ८ अष्टमंगलाची असतात. लक्ष्मीहारात तर नाण्या-नाण्यावर लक्ष्मी. घालतीलही, नाही असं नाही, माझ्याकडं ख्रिस्ती गिऱ्हाइकं साज घेऊन गेलीत. पण पहिल्या भेटीत ठुशी किंवा बोरमाळ बरी. नुसते मणी, कुणालाही चालतात. कॉलेजातली मुलगी ठुशी कुर्त्यावर घालते, साडीवरही घालते.

दुसरं म्हणजे हुपरीचं पैंजण. आख्खं गाव चांदीवर जगतं. पण जुन्या पद्धतीचं जड, घुंगरांचं घेऊ नका, आजकालच्या पोरी एका पायात बारीक साखळी घालतात. वजनावर भाव होतो तेव्हा टंच, म्हणजे चांदी किती शुद्ध ते विचारा. "चांदी आहे ताई" हे उत्तर नव्हे. ९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. १ सप्टेंबरपासून चांदीलाही सहा अक्षर-आकड्यांचा हॉलमार्क क्रमांक आलाय, सक्ती नाही पण मागितला तर कळतं दुकानदार कसा आहे ते.

आणि जोडवी घेऊ नका. हसू नका, गेल्या वर्षी एका बाईंनी लग्न न झालेल्या मुलीसाठी घेतली होती, "डिझाइन छान होतं" म्हणून.

---

रंकाळ्यावरचा_वारा
८ डिसेंबर, रात्री ९:४०

ते तीन शहाणे लोक येशूबाळाला सोनं, ऊद आणि गंधरस घेऊन आले होते म्हणतात. सोनं नक्की आपल्या सराफांच्या गुजरीतनं घेतलं असणार. टंच विचारला का पण?

---

नाताळची_करंजी
८ डिसेंबर, रात्री ९:५२

हे मी पाळकसाहेबांना सांगणार आहे. 😂

---

ओपीडी_क्रमांक_४
९ डिसेंबर, दुपारी २:०५

उशिरा वाचला धागा. मी डॉक्टर आहे, म्हणून एकच प्रश्न: व्याह्यांना मधुमेह आहे का?

असेल तर नवी कोल्हापुरी देऊ नका. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते. नवी कोल्हापुरी कडक, अंगठा आतून धरणारी, बोटांपाशी घासणारी. आपल्याला चावली की आपण काढून ठेवतो. त्यांना चावलेलं कळतच नाही, फोड येतो, फुटतो, आणि माझ्याकडं येईपर्यंत जखम झालेली असते. अशा लोकांना पुढून बंद, मऊ तळ्याचं, मागून पट्टा असलेलं पादत्राण चांगलं. हे चपलेविरुद्ध नाही, मीही घरी कोल्हापुरीच घालतो.

---

चप्पल_लाईनचा_शेजारी
९ डिसेंबर, दुपारी ४:४०

डॉक्टरांशी सहमत, पण चपलेची बाजूही मांडतो, नाहीतर लोक घाबरतील. खरी कोल्हापुरी बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याची. खिळा नाही, चामड्याच्याच वादीनं शिवलेली. २०१९ ला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ते एकट्या कोल्हापूरला नाही: सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर मिळून आठ जिल्ह्यांना. आपल्याकडं हे सांगितलं की लोकांना राग येतो, पण आहे ते आहे.

भेट द्यायला ही अवघड वस्तू, ह्याचं कारण माप. पायात घालून दोन पावलं टाकल्याशिवाय कोल्हापुरी कळत नाही. नंबर एकच असून एक जोड घट्ट, दुसरा सैल असतो, कारण हातानं केलेली आहे. म्हणून माणसाला बरोबर घेऊन जा नाहीतर देऊच नका. त्याच चामड्याचं पाकीट, पट्टा मिळतो. जावयाला ते द्या.

---

मंगळवारपेठकरीण
९ डिसेंबर, रात्री १०:१५

डॉक्टर, लेकीला फोन केला. आहे. गोळ्या चालू आहेत. मला सहा महिन्यांत हे माहीतच नव्हतं, ते दिवाळीला सगळे लाडू खाऊन गेले!

चप्पल रद्द. व्याह्यांना आता काय, ते सुचवा.

---

इरकलवाली
९ डिसेंबर, रात्री १०:४०

बिनबाह्यांचं जाकीट, खादीचं किंवा लोकरीचं. पेटी वाजवताना हात मोकळे राहतात. नाताळच्या सकाळी चर्चमध्ये गारठा असतोच.

---

कात्री_आणि_पन्हा
१० डिसेंबर, सकाळी ९:३०

जाकीट उत्तम. बंद गळ्याचं घेत असाल तर गळा एक इंच सैल बघा, गाणाऱ्या माणसाला गळा आवळलेला चालत नाही. छातीचं माप शर्टावरून घ्या.

आजीबाईंना डोक्यातून घालायचा स्वेटर नको. पंच्याऐंशीला हात वर जात नाहीत. पुढून बटणं, बटणं मोठी, आणि खिसा हवाच. म्हाताऱ्या माणसाला खिसा लागतो, त्यात काय ठेवतात ते विचारू नये.

---

शिवाजीपेठ_काकू
१० डिसेंबर, सकाळी ११:००

लवंग आणि जुनी बिलं.

---

टोरांटोची_तिखट
११ डिसेंबर, पहाटे ५:२०

इथं बर्फ पडतोय आणि तुम्ही इरकल-इरकल करताय, वाचून घरची आठवण आली. एक सल्ला: बिल जपून ठेवा आणि "बदलून मिळेल का, कधीपर्यंत" हे दुकानात विचारून त्यावर लिहून घ्या. आमच्या लग्नातल्या एका दुकानानं तोंडी "कधीही या" म्हटलं आणि आठ दिवसांनी ओळखच दाखवली नाही.

बाकी, लेकीला विसरू नका. सगळ्यांना द्यायच्या नादात माहेरून लेकीलाच काही गेलं नव्हतं, माझ्या पहिल्या सणाला. मी काही बोलले नाही, पण लक्षात आहे.

---

मंगळवारपेठकरीण
२१ डिसेंबर, रात्री ८:५०

झाली खरेदी. काकू, पौष लागलाच शेवटी, माफ करा.

विहीणबाईंना सुती इरकल, गडद मोरपंखी, हत्तीची कसुती. फॉल-पिको करून तयार. व्याह्यांना राखाडी लोकरीचं जाकीट, २,३५०. (२,५०० च्या आतच थांबले, पन्हावाले दादा.) नणंदेला चांदीची ठुशी, सोन्याचं पाणी दिलेली. आजींना मोठ्या बटणांचा मरून स्वेटर, खिसे दोन. जावयांना चामड्याचं पाकीट. आणि टोरांटोताई, लेकीला खणाचं जाकीट घेतलं, तिला सांगितलं नाही अजून.

एकूण १२,४००. ह्यांना ११ सांगितलंय.

ओटीचं लेकीकडून बरोबर काढून घेतलं. विहीणबाई साडी हातात देतात आणि वर एक नारळ ठेवतात. म्हणजे आमच्यासारखंच, फक्त कुंकू नाही.

---

मंगळवारपेठकरीण
२६ डिसेंबर, सकाळी ११:३०

काल जाऊन आलो. आधी सकाळच्या उपासनेला गेलो, मागच्या बाकावर बसलो. व्याही पेटीवर, राखाडी जाकिटात! लेकीनं परवाच नेऊन दिलं होतं. ह्यांनी मला कोपरानं ढोसलं, "बघ, गळा सैल आहे."

विहीणबाईंनी इरकल तिथल्या तिथं उलगडली, पदराच्या जोडावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "माझ्या आईकडं होती अशी." पुढं काही बोलल्या नाहीत, आत गेल्या आणि नेसूनच बाहेर आल्या. आजींनी स्वेटरच्या दोन्ही खिशांत लगेच काहीतरी ठेवलं. काय ते दिसलं नाही.

आता खरी अडचण. व्याह्यांनी ह्यांना भेट दिली: कोल्हापुरी चप्पल. स्वतः जाऊन, बोटानं चामडं तपासून आणलेली, अस्सल. नंबर ८. ह्यांचा पाय साडेआठ. ह्यांनी "अगदी बरोबर" म्हणून तिथंच घातली आणि बिंदू चौकापर्यंत चालत आले, आता दोन्ही अंगठ्यांना पट्ट्या आहेत. बदलायला जायला तयार नाहीत, "व्याह्यांना कळलं तर?" म्हणतात. सैल कशी करायची?

---

चप्पल_लाईनचा_शेजारी
२६ डिसेंबर, दुपारी १२:१०

पाण्यात अजिबात घालू नका, सगळे तेच करतात आणि चप्पल वाकडी होते. पट्ट्यांना आणि अंगठ्याच्या कडीला आतून खोबरेल तेल लावा, रात्रभर ठेवा. सकाळी पुसून घरातल्या घरात अर्धा तास घाला. असं आठवडाभर. अर्ध्या नंबरापुरती सुटते.

---

ओपीडी_क्रमांक_४
२६ डिसेंबर, दुपारी १२:४५

आधी अंगठे बरे होऊ द्या. आणि ह्यांची साखर कधी तपासली होती?

---

शिवाजीपेठ_काकू
२६ डिसेंबर, दुपारी १:०५

व्याह्यांना एक रुपया दिला का?

---

मंगळवारपेठकरीण
२६ डिसेंबर, दुपारी १:२०

काकू, ऐका तर. चप्पल देताना व्याह्यांनीच हात पुढं केला आणि म्हणाले, "एक रुपया द्या आधी, माझी आई म्हणायची, चप्पल फुकट देऊ नये."